बारशाले धुतलेली गाडी

कोनी म्हंजे कोनीच विश्वास नाई ठेवला माह्यावर. नवऱ्यानं नाई ठेवला ते एक वेळ सोडा, त्यायनं तं लग्न लागल्यापासून नाई ठेवला, पन पोटच्या पोरानं नाई, पोरीनं नाई, त्या सावरगावच्या गौतम मिस्त्रीनं नाई, अन् सासूचं तं तुमी मले इचारूच नका. तुमाले सांगते, म्या काई फारसीत नोहतं सांगतलं. सरळ सांगतलं, बापा हो, गाडीत पानी गेलं. पानी. तं आमचा रोशन काय म्हनते? "आई, ते गाडी हाये, मिक्सर नोहे." अन् हासला. त्याच्या मांगून त्याचा बाप हासला, बापाच्या मांगून मिस्त्री हासला, जसं काई एकाचं हासनं संपलं की दुसऱ्यानं उचलाचं असं ठरलंच होतं. मी चवथी शिकली, मान्य हाये. पन मिक्सरमधी पानी गेलं की मिक्सर बंद पडते, अन् गाडीतबी तार हाये, गाडीतबी करंट हाये, तं तेबी बंद पडीन, एवढं समजाले पाचवी लागते का? आमच्या रोशनजवळ तं डिप्लोमा हाये. इंजिनिअरिंगचा. काचेत मढवून भितीवर लावला. अन् गाडीचं झाकन उघडाचा खटका कुठं हाये ते बापाले इचारते.

बरं, गाडी बंद पडली तं पडली, गाड्या पडतच राह्यते. माह्या जिवाले जे लागलं ते गाडीचं नोहे. ते आधी सांगते, नाई तं तुमी म्हनसान, ही बाई एका गाडीपायी कायले एवढी पेटली.

माही सून उर्वशी, सौंसरची. बाळंतपनाले माहेरी गेली, पोरगी झाली. अन् त्या दिवसापासून आमची गाडी, जे गाडी वावरात जाते, तिगावहून खताच्या बोऱ्या आनते, संत्र्याचे क्रेट वाहते, गाऱ्या-चिखलात लोळते अन् कधी हूं की चूं करत नाई, ते गाडी त्या पोरीले पाहाले निंगालो की बंद. दुसरीकडे कुठंबी न्या, चालू. सौंसरच्या रस्त्याले लावा, बंद. तं आमच्या सासूबाई, अंबाबाई, त्यायले ताटातला खडा दिसत नाई पन असलं काई असलं की बराबर दिसते, त्यायनं दारातल्या बाजेवर बसल्या बसल्या निकाल देल्ला. "पोरीचा पायगुन." बस. ना साक्ष, ना पुरावा. अन् घरातल्या कोन्या मानसानं त्यायले म्हनलं नाई की बुढे, चूप बस. उलट आमचे हे मान हालवून राह्यले, जसं काई डाक्टरनं बिमारी सांगतली.

आता पायगुन म्हंजे काय ते मले इचारा. मी नवी नवरी या घरात आली, आंगाची हळद वाळाची होती, अन् विहिरीवरची मोटार जळली. ते मोटार माह्या सासऱ्यानं पावसात उघडी ठेवली होती. पानी गेलं तिच्यात. पन जळली कोनापायी? तं नवरीपायी. तेव्हापासून या घरात कितीक मोटारी आल्या अन् जळल्या, माह्ये केस पांढरे झाले, पन आजबी मोटार जळली की अंबाबाई पह्यले माह्याकडे पाह्यते, मंग मोटारीकडे. असा डाग असते हा. सोड्यानं जात नाई, साबनानं जात नाई. मेल्यावर जात असन तं मालूम नाई, गेली नाई मी अजून. म्हनून म्या ठरवलं, माह्यावर लागला तं लागला, नातीवर लागू देनार नाई. तिचं अजून नाव नाई ठेवलं, ते डोळे धड उघडत नाई, कूस बदलता येत नाई तिले, अन् तिनं इथून दहा कोसावरची गाडी बंद पाडली? म्हनून मी बोंबलून राह्यली होती. पानी गेलं, म्हनलं. पानी.

आता पानी गेलं कसं, ते आयका. दुनियेतले लोकं गाडी कशानं धुते? बालटी, फडकं, लय झालं तं नळाचा पाइप. आमचे हे, पुंडलिकराव... हो, घेतलं नाव, काय होते... हे गाडी धुते फवारनीच्या पंपानं. ज्या पंपानं संत्र्याच्या बगीच्यात झाडाच्या पार शेंड्यावर दवाई मारते ना, ड्रम, इंजन, लांबच लांब पाइप अन् पुढं बंदुकीवानी ते गन, त्यानं. पानावर बसलेली काळी कोळशी उडून जाते त्या धारेनं, चिमनीचा खोपा उडून जाते, मांगच्या साली तं आमच्या शेजारच्या हेमंतची टोपी उडून धुऱ्यापलीकडे, दुसऱ्याच्या वावरात गेली होती. त्या धारेनं हे गाडी धुते. आंगात बनियन, डोक्याले दुपट्टा, एक डोळा बारीक, दोन पाय फाकवून असे उभे राह्यते, जसं काई गाडीनंच यायच्यावर पह्यले गोळी झाडली.

वरून धुवा, माही ना नाई. पन वरून धुऊन यायचं समाधान होते का? हे झाकन उघडते. पोटात मारते. त्या काळ्या डब्ब्या, त्या तारा, ते बॅटरी, सगळ्यावर धार. म्या इचारलं, काहून वो, आतून कायले? तं म्हनते, "व्याह्याच्या दारात जाऊन राह्यली गाडी. व्याह्यानं झाकन उघडून पाह्यलं तं?" आता तुमीच सांगा, आपल्या पांढुर्न्या-सौंसरात कोन्या व्याह्यानं आजपर्यंत पाहुन्याच्या गाडीचं झाकन उघडून पाह्यलं? व्याही मानपान पाह्यते, लुगड्याचा पोत पाह्यते, डब्ब्यातल्या लाडवाले तूप किती ते वास घेऊन पाह्यते. इंजन? पाहुना दारात उभा, व्याहीनबाई पायावर पानी घालाले तांब्या घेऊन उभी, अन् व्याही पाहुन्याच्या इंजनात टॉर्च मारून राह्यला, असं झालं का कुठं? पन नाई. व्याह्याच्या दारी जानारी वस्तू चकाचक पाहिजे, हे आमच्या घरचं शास्त्र. बैल नेला तं शिंगं रंगवून, मानूस नेला तं दाढी करून, अन् गाडी नेली तं तिचं पोट धुऊन. एरवी? एरवी त्या गाडीच्या नशिबात पानी नाई. काचेवर गारा लागला तं हे खिडकीतून मुंडकं काढून रस्ता पाह्यते, पन पुसत नाई. म्हनून एरवी ते बंद पडत नाई. सौंसरले निंगाचं तेव्हाच धुते, अन् धुतली म्हनून बंद पडते. समजलं ना तुमाले? एकदा सांगतलं तं समजलं. मले बी समजलं. डिप्लोम्याले नाई समजलं.

पह्यल्यांदा पोरीले पाहाले निंगालो, तं सकाळी अशीच आंघोळ घातली गाडीले, झाकनावर कुकवाचं सातियं काढलं, अगरबत्ती ओवाळली अन् निंगालो. गाव मांगं राह्यलं नाई अन् गाडीले खोकला लागला. थंडीत बुढ्याले लागते तसा. घड्, घड्, फुस्. घड्, घड्, फुस्. अन् समोर पिवळा दिवा लागला, इंजनाचं चित्र असते तो. आमच्या इंजिनिअरनं त्या दिव्याकडे पाह्यलं, इचार केला, अन् त्याच्यावर बोटानं टिचकी मारली. दिवा बुजला नाई तं म्हनते, दिवा खराब असन.

मंग गाडी उभी राह्यली. अन् एक सांगा, आपल्या इकडे गाडीचं झाकन उघडलं की हे मानसं कुठून येते हो? चिटपाखरू नोहतं रस्त्यावर, अन् पाहता पाहता घोळका वाकून उभा, हात मांगं बांधून, जसं काई विहिरीत कोनी पडलं. एक म्हने पेट्रोलात मिलावट. एक म्हने बॅटरी बसली. एक म्हने, त्या समोरच्या वळनापाशी नेहमीच असं होते, तिथं नारळ फोडा लागते. म्या म्हनलं, आज सकाळीच यायनं पंपानं धुतलं इंजन, पानी गेलं आत, पानी. सगळ्यायनं माह्याकडे पाह्यलं. मंग एकमेकाकडे पाह्यलं. मंग परत झाकनात पाह्यलं. अन् ते नारळवाल्याचं म्हननं सगळ्यायले पटलं.

गौतमले फोन लावला. हा गौतम सावरगावचा, नदीपल्याडचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत हे इकडून गोटे मारते, तो तिकडून मारते, अन् बाकी सारं साल हे त्याच्याचकडून गाडी दुरुस्त करून घेते. त्याचा बदलाच घेऊन राह्यला का काय तो, देव जाने. तो येईपर्यंत दुपार झाली. वरून ऊन, खालून इंजन तापलेलं, आत जे काई गेलं होतं ते वाळून उडून गेलं. गौतमनं चाबी फिरवली अन् गाडी एका झटक्यात चालू. मंग तोरा पाहाचा होता त्याचा. "काकू, गाडी एकदम सही हाये. तुमी उगाच घाबरल्या." मी घाबरली म्हने. मी! सापाची कात समजून साप हातात धरला होता म्या, तेव्हा नाई घाबरली, अन् या पेट्रोलच्या डब्ब्याले घाबरन? अन् गाडी चालू झाली तं पुढं जाचं ना? तं नाई, वाटेत थांबली म्हंजे आज जानं चांगलं नाई म्हने. वापस. घरी आलो तं बाजेवरून आवाज आला, दिसली का पोरगी? म्या म्हनलं, नाई. "हूं," अंबाबाई म्हने. त्या हूंले तुमी हलकं नका समजू. त्या हूंवर या घरात लग्नं मोडली हाये.

दुसऱ्या वेळी तेच. धुतली, खोकली, थांबली, वाळली, चालू झाली, वापस. आता गौतमच्या गॅरेजात उन्हात उभी ठेवल्यावर ते काय बिमार पडनार हाये? पन मिस्त्री म्हनला की त्यानं काई तरी बदलाच लागते, नाई तं तो मिस्त्री कायचा. त्यानं बॅटरी बदलली. प्लग बदलले. पेट्रोलची जाळी झटकली. अन् दर वेळी चाबी फिरवून म्हने, झालं काकाजी, हेच होतं. अन् काकाजी खुश. इकडे रोशन मोबाइलवर पाहून राह्यला. त्यात एक पोट्टा हिंदीत सांगून राह्यला होता, गाडी झटके देती है तो क्या क्या देखना चाहिए. मी मांगं उभी राहून पाहून राह्यली होती. तो पोट्टा म्हनूनच राह्यला होता, अगर गाडी धुलने के बाद पानी... अन् आमच्या रोशननं बोटानं पुढं सरकवलं. म्या म्हनलं, अरे थांब, तो काय म्हनून राह्यला ते आयक. तं म्हनते, "आई, तो फालतू भाग हाये."

फालतू.

आता तवर गल्लीत पसरलंच होतं. अंबाबाई बाजेवरून हालत नाई पन त्यायचा शब्द बसस्टँडापर्यंत जाते. दळनाले गेली तं एक बाई इचारते, काहून वो कलाबाई, नात म्हने लय जड पायाची हाये? म्या तिले असं काई सांगतलं की ते दळन तिथंच सोडून गेली. पन किती जनीले सांगू? अन् पुढं बारसं होतं. सौंसरले, व्याह्याच्या घरी. त्या दिवशी गाडी बंद पडली तं चार गावच्या बायायसमोर शिक्का पक्का. मंग ते पोरगी शाळेत गेली अन् पाऊस नाई आला तरी तिच्यापायी, तिचं लग्न निंगालं अन् संत्र्याचा बहार गळला तरी तिच्यापायी. अन् ते बारसं असं की आमच्या डिंपलशिवाय होनार नाई. डिंपल माही पोरगी, म्हंजे पोरीची आत्या. आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव लागत नाई. नाव काय, ते तिनं आपल्या पोटातच ठेवलं होतं. म्हंजे आत्या गाडीत, नाव आत्याच्या पोटात, आमच्याकडून न्याचा पाळना गाडीच्या डोक्यावर, अन् गाडीचा भरोसा नाई.

तं म्या काय केलं? आदल्या दिवशीच त्या पंपाची गन काढली अन् तुरीच्या कोठीत खाली खुपसून ठेवली. म्हनलं, आता मारा धार. सकाळी हे उठले, शोधून राह्यले. गोठ्यात शोधलं, घराच्या धाब्यावर शोधलं, बाजेखाली अंबाबाईचे पाय उचलून शोधलं. मी चुलीपाशी घुगऱ्या हालवून राह्यली होती, तोंडावर माशी हालू देल्ली नाई. मले इचारलं, म्या म्हनलं, मले काय माहीत, मी काय फवारनी करते? मनात म्हनलं, आज गाडी धुळीनं भरलेली जाईन, पन जाईन. मंग लुगडं नेसली, डोक्यात फूल घातलं, पाळन्याचे कपडे गाठोड्यात बांधले अन् बाहेर आली.

बाहेर आली तं गाडी लखलख करून राह्यली. खालून टप टप पानी. अन् बाजूले हेमंत उभा, दात काढून. त्याचा पंप. आमच्याहून मोठा. नवा. याची धार तं म्हने लिंबाच्या झाडाच्या डोक्यावरून जाते.

म्या यायले एकच इचारलं. "झाकन उघडलं होतं?"

हे म्हनते, "थोडसं."

थोडसं! झाकन थोडसं उघडते का? म्या म्हनलं, मी बसनं जाते, पांढुर्न्याहून सौंसरची बस हाये, डिंपलले घेऊन जाते, तुमी या मांगून गाडीची पूजा करत. तं सगळे माह्यावर. आत्या बसनं जाईन? पाळना बसच्या टपावर? व्याही काय म्हनन? अन् हे काय म्हनते, घाबरू नको, मी गौतमलेच बारशाले बोलावलं हाये. म्हंजे पाहा. मिस्त्री सोबत न्याचा, पन झाकन बंद ठेवाचं नाई. तं निंगालो. रोशन चालवाले, बाजूले अंबाबाई, मांगं हे, मी, डिंपल, अन् कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात गौतम, मांडीवर आपल्या पान्याची थैली अन् वरून माह्या घुगऱ्यानं भरलेला गंज. टपावर पाळना. असं वाटून राह्यलं होतं की आमी बारशाले नाई, बिऱ्हाड घेऊन पळून चाललो.

गाडी अर्ध्या वाटेत आली. घड्, घड्, फुस्.

दोन्ही बाजूनं कापूस फुटलेला, मधात आमी. अंबाबाईनं मांगं वळूनबी पाह्यलं नाई. समोर पाहत म्हने, "आता तरी पटलं का?" डिंपलचा फोन वाजून राह्यला, सौंसरहून, बाया येऊन बसल्या म्हने, पोरगी रडून राह्यली म्हने, कुठवर आले? यायनं नारळ कुठं हाये ते शोधाले सुरवात केली. रोशननं त्या दिव्यावर टिचकी मारली. तुमाले सांगते, माह्या डोक्यात असं काई सनकलं ना. मी उतरली. गौतमले हाताले धरून उतरवला. म्हनलं, तू दर वेळी ऊन खाल्लेली गाडी पाह्यली. आज ओली हाये. आज उघड. जिथून ते ठिनगी जाते, प्लगवर, ते काढ.

"काकू, तिथं पानी जातच नाई. तिथं रबर असते."

"काढ."

"काकू, कंपनीनं ते..."

"गौतम, इथं कंपनी नाई. मी हावो. काढ."

काढलं त्यानं. प्लगवर बसवलेला काळा दट्ट्या वर खेचला तं चोक् करून आवाज आला, बुच काढल्यावानी. अन् सगळे वाकले. त्या प्लगच्या खोल गड्ड्यात पानी. काठोकाठ. चांगलं नितळ, हेमंतच्या विहिरीचं. त्यात आभाळ दिसून राह्यलं होतं.

  मंग आमचे हे हळूच म्हनते, पावसाचं असन. पावसाचं! पऱ्हाटी पांढरी फटक उभी हाये, आभाळात ढगाचा टिपूस नाई, अन् यायच्याच गाडीत तेवढा पाऊस पडला.  म्या फक्त पाह्यलं. कधी कधी बाईनं पाह्यलेलं पुरते.

आता पुसाचं कशानं? गड्डा खोल, बोट जात नाई. रोशन म्हने, गाडीत फडकं नाई. गाडी धुवाले पंप हाये, पुसाले फडकं नाई, अशी आमची तयारी. म्या गाठोडं सोडलं. नातीचे लंगोट काढले, माह्या जुन्या सुती लुगड्याचे शिवले होते, मऊ, चारदा धुतलेले. रोशनले वावरात धाडलं, पऱ्हाटीच्या काड्या आन म्हनलं. एवढं तं येते ना डिप्लोम्याले. काडीले लंगोट गुंडाळला, गड्ड्यात घातला, फिरवला, काढला, पिळला. दुसऱ्या गड्ड्यात. तिसऱ्या. डिंपल एक एक लंगोट देऊन राह्यली, गौतम पुसून राह्यला, तारांच्या तोंडात फुंका मारून राह्यला, गाल असे फुगवून की चूल पेटवून राह्यला जसा. अन् हे? हे ओले लंगोट बोनटवर वाळू घालून राह्यले. तेवढं बराबर केलं त्यायनं.

चाबी फिरवली. मांजरीवानी घुरघुर. ना खोकला, ना पिवळा दिवा. सौंसर येईपर्यंत मी काचेतून बाहेर पाहून राह्यली होती, अशी ताठ मान करून. म्हनलं, झालं. आज माही नात सुटली.

गेलो, पाळना टांगला, बायायनं गाने म्हनले, डिंपलनं कानात नाव सांगितलं, सगळ्यायनं तिच्या पाठीत धपके घातले. सायली. गोड नाव. उर्वशी हासली, पोरीनं एक डोळा उघडून आत्याकडे पाह्यलं अन् परत झोपली. घुगऱ्या वाटल्या. चहा आला. मंग मांडवात मानसं बसली, मी मुद्दाम जवळच बसली, पानाचा डब्बा घेऊन. व्याही दादाराव, मास्तर मानूस, गोड बोलते, त्यायनं इचारलं, काहून हो, उशीर झाला?

तं गौतम सांगाले लागला. "प्लगच्या गड्ड्यात पानी होतं काकाजी. माह्या तं पह्यल्याच दिवशी ध्यानात आलं होतं." आयकलं? पह्यल्याच दिवशी. रोशन म्हने, हो, पानी गेलं की स्पार्क बसत नाई, मिसिंग होते, मले बी डाऊट होताच. सारा मांडव मान हालवून राह्यला, पानी, पानी, बरोबर, पानीच. कलाबाईचं नाव कोनी घेतलं नाई, ते मले नकोच होतं. म्या अंबाबाईकडे पाह्यलं. म्हनलं, आता बोल बुढे. आता सांग पायगुन.

दादारावनं चहाचा घोट घेतला. "पन पानी मारलं कोनं?"

सगळे आपापल्या कपात पाहाले लागले. बरोबरच हाये ना. व्याह्याच्या मांडवात, जावयाच्या बापाले, भर बारशाच्या दिवशी, कोन म्हनन की तुमी गाढवपना केला? दादारावलेच लाज वाटली इचारल्याची. तो म्हने, मारलं असन, हौसेनं मारलं असन. यायले आधार भेटला. "हौसेनंच," हे म्हनते. "नातीकडे याचं होतं, गाडी काय घान आनू?"

"तेच तं," अंबाबाई म्हने. सुपारी दाढेखाली ठेवली, सावकाश. "पोरगी झाली म्हनून धुतली. पोरगी नसती तं धुतलीच नसती. धुतली नसती तं पानी कुठून जाईन?"

 मांडवात एक मान हालली. मंग दुसरी. मंग आमच्या डिप्लोम्यानं कप खाली ठेवला अन् म्हनते, "टेक्निकली आजीचं बराबर हाये."

अन् हासले हो सगळे. सुटल्यावानी हासले. दादाराव हासला, गौतम हासला, हे तं डोळ्यातून पानी येईपर्यंत हासले.  पानी गेलं, पानी गेलं, म्याच तं बोंबलून राह्यली होती ना? पटलं त्यायले. पटलं, अन् पटलेलं सारं उचलून नेऊन पाळन्यात टाकलं.

मी उठली. पाळन्यापाशी गेली. मुठी आवळून झोपली होती, गालावर दुधाचा थेंब, आंगाखाली एक लंगोट अजून ओलसरच. म्या दोरी हातात घेतली, म्हनलं, माय, माह्यावर एक मोटार हाये, तुह्यावर आता एक गाडी झाली, वाहू दोघी मिळून. आता सौंसरपासून पांढुर्न्यापर्यंत कोनालेबी इचारा, त्या गाडीत पानी कोनापायी गेलं? पंपाचं नाव निंगनार नाई, हेमंतचं नाई, पुंडलिकरावाचं तं नाईच नाई. सगळे तेच नाव सांगन, जे आत्यानं नुकतंच कानात सांगितलं होतं अन् जिचं होतं तिलेबी अजून मालूम नोहतं... सायली.